शेतराखणीची बंदूक : नळी, चोक आणि छऱ्यांचा फैलाव

पीक उभें करण्यास जितके श्रम पडतात, तितकेच तें खळ्यांत येईपर्यंत राखण्यास पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुणें जिल्ह्याच्या मावळ, मुळशी, भोर ह्या डोंगरकडेच्या तालुक्यांत भुईमूग, मका, ऊस व रताळीं ह्यांवर रानडुकरांची धाड पडली, म्हणजे एका रात्रींत वाफेच्या वाफे उकरून निघतात. माळ्यावर जागणें, डबे वाजविणें, जाळ करणें, कुत्रीं ठेवणें हे उपाय जुने आहेत व ते चालूच राहतील. परंतु कांहीं घरीं परवान्याची बंदूकही असते. ती बहुधा वडिलांपासून किंवा आजोबांपासून आलेली असते. तिला तेल द्यावें, फडक्यानें पुसावें, निवडणुकीच्या दिवसांत ठाण्यांत जमा करावी, इतकें मालकास ठाऊक असतें. मात्र बार निघाल्यावर तोंडापासून निशाणापर्यंत छर्रे कसे जातात, किती पसरतात आणि कोठें थांबतात, ह्याचा विचार फारच थोड्यांनीं केलेला असतो.

ह्या अज्ञानाचे परिणाम दोन प्रकारचे होतात. एक, जनावर मरत नाहीं. तें जखमी होऊन उसांत शिरतें आणि दुसऱ्या दिवशीं खुरपणीस किंवा पाचट काढण्यास गेलेल्या बायामाणसांवर उलटतें. दुसरा, निशाण चुकलेला छर्रा शेजारच्या बांधापलीकडे जाऊन तेथें राखणीस बसलेल्या माणसास लागतो. म्हणून हा विषय केवळ शिकाऱ्यांच्या हौसेचा नसून शेतकऱ्याच्या जबाबदारीचा आहे.

आमच्याकडे तीन समजुती सर्रास ऐकूं येतात. पहिली, लांब नळीची बंदूक लांब मारते. दुसरी, चोकाची नळी छर्रे दूर फेंकते. तिसरी, मोठे छर्रे घातले कीं नेम चुकण्याची भीति नाहीं. ह्या तीनही समजुतींचा विचार क्रमानें करूं.

बोअर म्हणजे काय

छऱ्याच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीप्रमाणें तिच्यांत पीळ नसतात. मागच्या बाजूस काडतूस बसण्याचें घर असतें. तेथून एक लहानसा उतार लागतो व पुढें नळीचें लांब पोट सुरू होतें. तोंडाजवळच्या शेवटच्या एक-दोन इंचांत, चोक असल्यास, नळी किंचित् आवळलेली असते.

नळीच्या व्यासाचें माप ‘बोअर’नें सांगतात. नळींत नेमकी बसेल अशी शुद्ध शिशाची गोल गोळी केली आणि अशा १२ गोळ्यांचें वजन एक पौंड भरलें, तर ती नळी १२ बोअरची. हा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारें १८.५ मिलिमीटर येतो. १६ बोअरचा व्यास ०.६६२ इंच व २० बोअरचा ०.६१५ इंच. ह्यावरून बोअरचा आंकडा जसजसा मोठा, तसतशी नळी लहान, हें ध्यानांत येईल. आपल्याकडे १२ बोअरचाच प्रसार फार आहे. पुण्यालगत खडकी येथें १८६९ सालीं स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखाना आहे. २०२१ सालापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीकडे असून तिचें मुख्य कार्यालयही पुण्यांतच आहे. तेथील ‘शक्तिमान’ छापाचीं १२ बोअरचीं काडतुसें परवानेधारक शेतकऱ्यांच्या ओळखीचीं आहेत.

चोक व त्याचें कार्य

चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आकस. इंग्लंडांतील न्यूकॅसलचे बंदूककार विल्यम रोचेस्टर पेप ह्यांनीं १८६६ सालीं ह्या रचनेचें पेटंट घेतलें, व बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर ह्यांनीं १८७४ च्या सुमारास ती पूर्णत्वास नेली. तत्पूर्वीच्या बहुतेक बंदुका तोंडापर्यंत सारख्याच व्यासाच्या असत.

हा आकस किती असतो, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतील ४० भाग, म्हणजे एक मिलिमीटर, एवढा आकस असला कीं तो ‘पूर्ण चोक’ होय. डोळ्यांस न दिसणाऱ्या एवढ्याशा फरकानें छऱ्यांच्या वागणुकींत मोठें अंतर पडतें.

तें कसें? जत्रेंतील गर्दी रुंद रस्त्यानें येऊन अरुंद वेशींत शिरूं लागली, म्हणजे कडेचीं माणसें मध्याकडे लोटलीं जातात आणि घोळका रुंदीनें कमी व लांबीनें अधिक होतो. चोकांतून जातांना छऱ्यांचें तसेंच होतें. कडेच्या छऱ्यांस आंतल्या बाजूस किंचित् धक्का मिळतो व बाहेर पडल्यावर ते लवकर फांकत नाहींत. येथें बागेस पाणी देण्याच्या रबरी नळीचा दाखला कित्येक जण देतात. तो मात्र फसवा आहे. नळीच्या तोंडावर अंगठा धरला म्हणजे पाणी दूर उडतें, म्हणून चोकानें छर्रेही दूर जात असतील, असें त्यांस वाटतें. वस्तुतः चोकानें छऱ्याच्या वेगांत पडणारा फरक नगण्य आहे. चोक छऱ्यांस दूर नेत नाहीं. तो त्यांस एकत्र ठेवतो. ही दुसऱ्या समजुतीची वासलात झाली.

चोकाची प्रत ठरविण्याची रूढ रीत अशी : बंदुकीच्या तोंडापासून ४० वारांवर, म्हणजे सुमारें ३६½ मीटरांवर, कागदावर बार मारावयाचा. ३० इंच व्यासाच्या वर्तुळांत एकंदर छऱ्यांपैकीं शेंकडा किती पडले, त्यावरून चोक ठरवावयाचा. इंग्रजी पद्धतीचे आंकडे पुढें देतों.

कोष्टक १ लें : चोकाचा प्रकार; आकस (इंचाचे सहस्रांश); ४० वारांवर ३० इंची वर्तुळांत पडणारे छर्रे

निखळ सरळ नळी : आकस नाहीं, शेंकडा ४०
सुधारलेली सरळ नळी : ३ ते ५, शेंकडा ५०
पाव चोक : १०; शेंकडा ५५
अर्धा चोक : २०, शेंकडा ६०
पाऊण चोक : ३०, शेंकडा ६५
पूर्ण चोक : ४०, शेंकडा ७०

छऱ्यांचा मुख्य झुबका निरनिराळ्या अंतरांवर किती रुंद होतो, तें दुसऱ्या कोष्टकांत पहावें.

कोष्टक २ रें : फैलावाचा व्यास, इंचांत (१०, २०, ३० व ४० वारांवर अनुक्रमें)

निखळ सरळ नळी : २०, ३२, ४४, ५८
अर्धा चोक : १२, २०, ३२, ४६
पूर्ण चोक : ९, १६, २७, ४०

हे आंकडे बारीक छऱ्यांच्या काडतुसांचे व सरासरीचे आहेत. तरी त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. १० वारांवर पूर्ण चोकाचा बार जेवणाच्या ताटाहूनही लहान असतो. तेथें तो जवळजवळ एका गोळीसारखा समजावा. ४० वारांवर मात्र पूर्ण चोकाचेही छर्रे तीन फुटांहून अधिक रुंद पसरतात.

दोन नळ्यांच्या बंदुकींत बहुधा उजवी नळी मोकळी व डावी नळी अधिक आवळलेली असते. पुढचा चाप उजव्या नळीचा व मागचा डाव्या नळीचा, अशी साधारण रचना आहे. आपल्या बंदुकीची कोणती नळी कशी आहे, हें मालकानें पक्कें जाणून घ्यावें. अंधारांत चाप चांचपतांना हा विचार करण्यास सवड नसते.

नळीवरील खूण व खरा चोक

कित्येक बंदुकांवर चोकाची खूण कोरलेली असते. कांहीं युरोपीय बंदुकांवर एक चांदणी म्हणजे पूर्ण चोक, दोन म्हणजे पाऊण, तीन म्हणजे अर्धा व चार म्हणजे पाव, असा संकेत आढळतो. इंग्लंडांतील १८७५ ते १८८७ ह्या काळांतील चोकाच्या नळ्यांवर सरकारमान्य परीक्षागृह ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठीं नव्हे’, असा ठसा मारीत असे. पुढें त्या जागीं ‘चोक’ हा शब्द आला. आजोबांच्या बंदुकीवर असा ठसा दिसल्यास त्याचा अर्थ आता कळेल.

परंतु खुणेवर पूर्ण विसंबूं नये. चोक म्हणजे केवळ तोंडाचा व्यास नव्हे; तो नळीच्या पोटाचा व्यास व तोंडाचा व्यास ह्यांमधील फरक होय. जुनी नळी आंतून घांसून साफ केली असेल, तर पोट मोठें झालेलें असतें. तोंड ठेंचलें असेल किंवा कोणी कानशीनें सारखें केलें असेल, तर चोक गेलेला असतो. नळी तोंडाकडून कापली असेल, तर बहुतेक चोक कापलेल्या तुकड्याबरोबरच गेला असें समजावें. शिवाय परवान्यावांचून नळी आंखूड करणें हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे, हेंही येथें सांगून ठेवतों.

नवीन बंदुकांत चोकाची नळकांडी तोंडाशीं आट्यांनीं बसविण्याची सोय असते. ती घट्ट बसली आहे कीं नाहीं, तें बंदूक रिकामी करून वेळोवेळीं पहावें. नळकांडी काढून ठेवून बार कधींही काढूं नये, आटे बिघडतात.

नळीच्या लांबीचा भ्रम

आता पहिली समजूत घेऊं. काळी दारू जळण्यास वेळ लागे, म्हणून जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या नळ्या लांब करीत. लांब नळीची कीर्ति त्या काळची आहे. सध्यांच्या निर्धूर दारूचें जळण घरापासून थोड्याच अंतरांत संपतें. पुढची नळी छऱ्यांस वेग देण्याचें काम फारच थोडें करते. नेहमींच्या लांबींत एक इंच अधिक-उणा झाला, तर छऱ्याच्या वेगांत सेकंदास पांच ते दहा फुटांचाच फरक पडतो. आणि मूळ वेग तर बाराशें फुटांच्या आसपास असतो. म्हणून २६ इंची व ३० इंची नळ्यांच्या मारांत शेतकऱ्यास जाणवेल असें अंतर नाहीं.

फैलावाविषयीं तेंच. लांब नळीनें छर्रे आवळले जात नाहींत. तें काम चोकाचें व काडतुसाचें. लांब नळीचा उपयोग नेम धरण्यास होतो, कारण तिचा रोख स्थिर राहतो. दाट पिकांत व माळ्यावर मात्र आंखूड नळी वळविण्यास सोयीची पडते. निवड ह्या दृष्टीनें करावी. लांब पल्ल्याच्या आशेनें करूं नये.

ठासणीची बंदूक वापरणाऱ्यांस एक इशारा. दारू अधिक घातली कीं बार जोरकस होतो, ही समजूत घातक आहे. दारू वाढली कीं छऱ्यांवरील दाब वाढतो, ते अधिक विसकटतात व मध्यें भोंक पडतें. अंगावर धक्का बसतो आणि नळी फाटण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. बंदूक भरली असतां आणि रिकामी असतां गज किती आंत जातो, ह्याच्या दोन खुणा गजावर करून ठेवाव्या. म्हणजे एकावर एक दोन बार भरण्याचा प्रसंग येणार नाहीं.

काडतुसाचा हिस्सा

एकाच नळींतून दोन प्रकारचीं काडतुसें उडविलीं, तर फैलाव वेगळा येतो. शिसें मऊ असतें. बाराच्या धक्क्यानें मागचे छर्रे पुढच्यांवर चेपतात व कडेचे नळीस घांसतात. चेपलेला छर्रा गोल न राहिल्यामुळें वाऱ्यावर भरकटतो व झुबक्याबाहेर जातो. म्हणून शिशांत अँटिमनी मिसळून छर्रे कठीण करतात. कित्येक काडतुसांत छर्रे प्लॅस्टिकच्या पेल्यांत ठेवलेले असतात. त्यामुळें ते नळीस घांसत नाहींत व फैलाव आवळ येतो. साध्या बुचाच्या काडतुसानें अर्ध्या चोकासारखी वागणारी नळी पेल्याच्या काडतुसानें पूर्ण चोकासारखी वागली, तर नवल मानूं नये.

छऱ्यांची संख्या पहा. इंग्रजी मापानें एका औंसांत ६ नंबरचे २७०, ४ नंबरचे १७०, १ नंबरचे १००, बीबीचे ७०, एसजीचे ८ व एलजीचे ६ छर्रे भरतात. ६ नंबरच्या बारांत कागदाची चाळण होते. एसजीच्या बारांत आठ-नऊ भोंकें पडतात. तिसऱ्या समजुतीचें मूळ येथेंच सांपडतें. छर्रा मोठा झाला कीं त्याचा घाव खोल होतो हें खरें; परंतु छऱ्यांची संख्या घटते व नेम अधिक काटेकोर लागतो. शिवाय मोठे छर्रे चोकांतून जातांना एकमेकांत अडकतात, त्यामुळें कांहीं बंदुकांत पूर्ण चोकापेक्षां मोकळ्या नळीचाच फैलाव बरा येतो. हें कोष्टकावरून कळत नाहीं. तें प्रत्यक्ष परीक्षेनेंच ठरवावें लागतें.

कागदावरील परीक्षा

ही परीक्षा अवघड नाहीं. ती परवान्याच्या अटींत बसेल अशाच जागीं, पोलीस ठाण्यास आधीं कळवून, किंवा नेमबाजीच्या मैदानावर करावी. निशाणामागें उंच मातीची टेकडी किंवा दरड असावी; खडक नसावा, कारण खडकावरून छर्रे उलटतात.

१. चार फूट लांब व चार फूट रुंद असा कागद चौकटीवर ताणून बसवावा व मध्यें एक काळा ठिपका करावा.

२. अंतर बंदुकीच्या तोंडापासून फितीनें मोजावें. पावलांनीं मोजूं नये.

३. बंदूक टेंकून, ठिपक्यावर सावकाश नेम धरून एकच बार काढावा. कागदावर नळीचें, काडतुसाचें व अंतराचें नांव लिहावें.

४. भोंकें जेथें सर्वांत दाट असतील, तेथें मध्य धरून ३० इंची वर्तुळ काढावें. वर्तुळ आधीं काढून ठेवूं नये.

५. आंतील भोंकें मोजावीं, त्यांस काडतुसांतील एकंदर छऱ्यांनीं भागावें व शंभरांनीं गुणावें. समजा, ६ नंबरच्या १ १/१६ औंसाच्या काडतुसांत २८७ छर्रे आहेत व वर्तुळांत १७२ पडले, तर प्रमाण शेंकडा ६०, म्हणजे अर्धा चोक.

६. एका बारावरून निर्णय करूं नये. प्रत्येक नळीचे पांच बार घेऊन सरासरी काढावी.

७. दाट भागाचा मध्य ठिपक्याच्या किती वर, खालीं, डावीकडे किंवा उजवीकडे पडतो, तें लिहून ठेवावें. दोन नळ्यांचा रोख पुष्कळदां सारखा नसतो.

एसजी किंवा एलजी वापरण्याचा प्रसंग ज्यांस येतो, त्यांनीं हीच परीक्षा त्या काडतुसानें १५, २० व २५ वारांवर करावी. तेथें ३० इंची वर्तुळाऐवजीं ९ इंची ताटलीएवढें वर्तुळ काढावें. त्याचें कारण आता सांगतों.

ताटलीचा हिशेब

रानडुकराचें अंग मोठें दिसलें, तरी काळीज व फुप्फुसें ह्यांची जागा एका बाजूनें सुमारें ९ इंचांच्या ताटलीएवढीच धरावी. छर्रे तेथें पडले तर जनावर लवकर मरतें. पोटांत किंवा मांडींत पडले तर तें पळतें.

समजा, काडतुसांत एसजीचे नऊ छर्रे आहेत. ते फैलावांत सर्वत्र सारखे पसरतात असें धरून हिशेब करूं. पूर्ण चोकानें २० वारांवर फैलावाचा व्यास १६ इंच. ताटलींत सुमारें तीन छर्रे पडतील. तीच नळी, ३० वार अंतर. व्यास २७ इंच. ताटलींत सरासरीनें एकच छर्रा. निखळ सरळ नळीनें २० वारांवर व्यास ३२ इंच; ताटलींत एकही पुरता येत नाहीं. ३० वारांवर त्या नळीचा बार म्हणजे निव्वळ दैव.

हा हिशेब ढोबळ आहे. मध्यावर छर्रे कडेपेक्षां दाट असतात, आणि मोठ्या छऱ्यांची तऱ्हा बारीक छऱ्यांहून निराळी असते. म्हणून प्रत्यक्ष आंकडे थोडे बरे किंवा वाईट येतील. परंतु निष्कर्ष बदलत नाहीं. ज्या अंतरावर आपल्या बंदुकीचे तीन-चार छर्रे ताटलींत हमखास पडतात, तीच त्या बंदुकीची मर्यादा. ती १५ वार असेल, तर १६ व्या वारावर चाप ओढूं नये. रात्रीं बॅटरीच्या उजेडांत जनावर आहे त्याहून जवळ भासतें. म्हणून माळ्यापासून त्या मर्यादेवर दिवसाच पांढऱ्या खुणेची खुंटी रोवून ठेवावी. एवढ्या स्वस्त उपायानें जितकीं जखमी जनावरें टळतील, तितकीं महागड्या बंदुकीनें टळणार नाहींत.

तरीही जनावर जखमी होऊन गेलेंच, तर अंधारांत त्याच्या मागें जाऊं नये. तो फड बंद ठेवावा, वनखात्यास व आसपासच्या शेतकऱ्यांस तत्काळ कळवावें, आणि मजुरांस तेथें जाऊं देऊं नये.

छर्रा थांबतो कोठें

मारण्याचा पल्ला निराळा व इजा करण्याचा पल्ला निराळा. फ्रेंच सैन्यांतील जनरल जुर्ने ह्यांनीं गोल छऱ्यांचा कमाल पल्ला काढण्याचा एक सोपा नियम दिला आहे : छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नीं गुणावें, येईल ती संख्या वारांत पल्ला होय. ६ नंबरचा छर्रा ह्या नियमानें सुमारें २२५ वार जातो. एसजीचा व्यास ०.३३ इंच, तो सुमारें ७२५ वार जातो. एलजीचा ०.३६ इंच, तो सुमारें ७९० वार जातो. नळींत बसणारी एकेरी गोळी तर दीड हजार वारांपर्यंत जाऊं शकते.

म्हणजे ज्या काडतुसाची मारण्याची मर्यादा जेमतेम २० वार, त्याचा चुकलेला छर्रा सहाशें मीटरांहून पलीकडे पोहोंचूं शकतो. पूर्ण चोक असो वा सरळ नळी असो, हा पल्ला बदलत नाहीं. आपल्या गांवांत सहाशें मीटरांत किती बांध, किती वस्त्या व किती माळे येतात, तें प्रत्येकानें मोजून पहावें. म्हणून सपाट जमिनीवर आडवा बार काढूं नये. माळा उंच असावा, म्हणजे बाराचा रोख खालीं राहून छर्रे मातींत जातील. क्षितिजावर उभ्या जनावरावर, हालणाऱ्या पिकावर किंवा नुसत्या आवाजावर बार काढणें हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. शेजाऱ्यांनीं रात्रीं कोण कोठें बसणार, हें संध्याकाळींच एकमेकांस सांगावें.

पाण्याच्या तळ्यावर किंवा चाऱ्याच्या पिकावर बार काढणें टाळावें. शिसें विषारी आहे. तें कुट्टीबरोबर गुरांच्या पोटांत जाऊं देऊं नये.

नळीची निगा

बंदूक ठाण्यांतून परत आली, म्हणजे प्रथम ती उघडून नळीतून उजेडाकडे पहावें. उघड्या नळींत कुंभारीण माशी मातीचें घर करते. मातीचा खडा, चिंधी, अडकलेलें बूच ह्यांपैकीं कांहींही नळींत असतां बार काढला, तर नळी फुगते किंवा फुटते, आणि डावा हात तेथेंच असतो. बार नेहमींपेक्षां बारीक वाजला, तर दुसरें काडतूस घालण्यापूर्वीं नळी तपासावी.

१२ बोअरचीं व २० बोअरचीं काडतुसें एका पिशवींत ठेवूं नयेत. २० चें काडतूस १२ च्या घरांतून निसटून पुढें उतारांत अडकतें. नळी रिकामी दिसते व मागून १२ चें घातलें कीं अनर्थ होतो. जुन्या बंदुकांचें घर पुष्कळदां २½ इंचांचें, म्हणजे ६५ मिलिमीटरांचें असतें. त्यांत ७० मिलिमीटरांचें काडतूस शिरतें. पण उडतांना त्याचें तोंड पुरतें उघडत नाहीं व दाब वाढतो. घराचें माप परवानाधारक कारागिराकडून पाहून घ्यावें.

चोकाच्या नळींतून घट्ट बसणारी एकेरी गोळी कधींही मारूं नये. ‘गोळीसाठीं नव्हे’ ह्या जुन्या ठशाचें मर्म हेंच. तसेंच पोलादी छर्रे जुन्या आवळ नळ्यांस योग्य नाहींत. काडतुसें उन्हांत किंवा मोटारीच्या खणांत तापूं देऊं नयेत. दारू तापली कीं दाब वाढतो.

कायद्याची मर्यादा

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळूं शकते. परंतु रानडुक्कर मारण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ११ व्या कलमाखालीं मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं नेमलेला अधिकारी ह्यांची लेखी परवानगी लागते. मोर, हरिण, बिबट्या ह्यांवर बंदूक उचलण्याचा विचारही करूं नये. पिकाचें नुकसान झाल्यास वेळेवर अर्ज करून पंचनामा करून घ्यावा व सरकारी भरपाई मागावी. ती वाट बंदुकीच्या आधींची आहे.

सारांश, नळीच्या लांबीनें मार वाढत नाहीं, चोकानें पल्ला वाढत नाहीं, आणि मोठ्या छऱ्यानें नेमाची चूक झांकत नाहीं. ज्यांच्या घरीं परवान्याची बंदूक आहे, त्यांनीं येत्या हंगामापूर्वीं दहा काडतुसें व दहा कागद खर्च करून आपल्या दोन्ही नळ्यांची परीक्षा घ्यावी, ते कागद परवान्याबरोबर जपून ठेवावे आणि घरांतील दुसऱ्या परवानेधारकासही दाखवावे. ज्यास आपल्या बंदुकीची मर्यादा वारांत सांगतां येत नाहीं, त्यानें ती खुंटीवरच राहूं द्यावी व डबा वाजवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.